साठीनंतरचं पहिलं पुस्तक: वहीपासून वाचकाच्या हातापर्यंत

आमच्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थांच्या दिवाणात अंथरुणं-पांघरुणं नाहीत, पुस्तकं आहेत. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच छापलेली. हजार प्रती काढल्या होत्या, सहाशेच्या वर उरल्या. पावसाळा संपला की ते त्या गच्चीवर उन्हं दाखवायला काढतात. माझं पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकच सल्ला दिला: "ताई, छापखाना आपल्याला काय विचारेल ते नंतर बघा. आधी घरात जागा किती आहे ते बघा."

मी पोस्टात ३४ वर्षं काढली, शेवटची नऊ सब पोस्टमास्तर म्हणून. ६०व्या वर्षी निवृत्त झाले आणि ६३व्या वर्षी पोस्टातल्या आठवणींचं १४४ पानांचं पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं. ना ओळखीचा प्रकाशक, ना घरात कुणी लेखक. वाटेत ठेचा बऱ्याच लागल्या. तुम्हीही निवृत्तीनंतर वही काढून बसला असाल, तर त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या टळाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वाचक मोजा, मग प्रती

हस्तलिखित पूर्ण व्हायची वाट बघू नका, हे काम आजच करा. एका कोऱ्या वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पैसे देऊन पुस्तक नक्की घेतील अशी माणसं. दुसऱ्यात 'बघू' म्हणणारी. तिसऱ्यात 'अरे वा, मला एक प्रत दे हं' म्हणणारी. तिसरा रकाना सगळ्यात लांब होतो आणि त्यात सख्खे नातेवाईक असतात, याचं वाईट वाटून घेऊ नका.

माझ्या पहिल्या रकान्यात १८० नावं झाली. त्यातली बरीचशी पोस्टातली: माझ्या बरोबरीचे कारकून, पोस्टमन, निवृत्तांच्या संघटनेतली मंडळी. पुस्तक ज्या धंद्यातलं, ज्या गावातलं, ज्या शाळेतलं असेल, तिथलीच माणसं पहिले ग्राहक असतात. 'सर्व वाचकांसाठी' असं पुस्तक पहिल्या खेपेला कुणीच घेत नाही. पहिला रकाना पूर्ण धरा, दुसऱ्याचा चौथा हिस्सा धरा, वर पन्नास-साठ प्रती भेटीच्या आणि पाठवायच्या धरा. माझा आकडा तीनशेवर आला. मी तीनशेच छापल्या.

२. वहीतलं संगणकात: युनिकोडचा हट्ट धरा

टायपिंग येत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोला. मी अर्धं पुस्तक असं बोलून लिहिलं. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात आणि 'मनीऑर्डर'चं 'मनी आवडत' होतं, पण बोटं दुखत नाहीत.

इथला सापळा वेगळा आहे. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर मजकूर तसाच उघडेल अशी अक्षरांची पद्धत. गावोगावचे डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करून देणारे, अजूनही जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये काम करतात. त्यांच्या संगणकावर मजकूर सुरेख दिसतो. तुमच्या संगणकावर उघडला की नुसती चित्रविचित्र चिन्हं. एका फाँटमधून दुसऱ्यात मजकूर उलटवताना सगळ्यात जास्त मार खातो तो 'ऱ्य'. माझ्या पुस्तकात 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्‌या' आणि 'दुसर्या' झालं होतं. 'बिऱ्हाड', 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड' सगळ्यांची तीच गत. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा: "युनिकोडमध्ये करून द्याल ना?" राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, मुंबई आयआयटीचा शोभिका असे चांगले युनिकोड टंक फुकट मिळतात. ई-पुस्तक काढायचं झालं किंवा दुसरी आवृत्ती दुसऱ्या छापखान्यात करायची झाली, तर युनिकोड फाइल असलेला माणूस सुटतो. बाकीचे पुन्हा पहिल्यापासून टाइप करतात.

३. दोन वाचक, एक मुद्रितशोधक

हे तिघं वेगवेगळे. पहिला वाचक तुमच्या क्षेत्रातला, म्हणजे तपशिलाची चूक पकडेल. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तारखेच्या शिक्क्याविषयीचं अख्खं प्रकरण खोडायला लावलं, कारण मी दोन वेगळ्या कचेऱ्यांची पद्धत एकत्र केली होती. दुसरा वाचक क्षेत्राबाहेरचा, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा तीसेक वर्षांनी लहान. माझ्या सुनेने समासात तेवीस ठिकाणी प्रश्नचिन्हं काढून ठेवली. 'आरडी', 'बीपीएम', 'थैली बंद करणे' म्हणजे काय, हे मी कुठेच सांगितलं नव्हतं.

तिसरा मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी शुद्धलेखनाच्या चुका काढणारा. इथे काटकसर करू नका. "माझी शुद्धलेखनाची बाजू भक्कम आहे" असं म्हणणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या पुस्तकांतही पानोपानी चुका मी बघितल्या आहेत, कारण स्वतःचं लिहिलेलं डोळा वाचत नाही, आठवतो. आपले लेखनाचे नियम म्हणजे साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यात भर पडलेले चार. शाळेत आपण जे शिकलो त्यात आणि यांत पुष्कळ ठिकाणी फरक आहे. आपल्या पिढीचे अनुस्वार आठवून बघा. मुद्रितशोधकाला दोन वाचनांचे पैसे द्या: एक मांडणीआधी, एक पानं लागल्यावर. दुसऱ्या वाचनात ओळ तुटणं, शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहणं असल्या गोष्टी सापडतात.

४. परवानग्या: हे कुणी सांगत नाही

आठवणी लिहिणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

तुमच्याकडे आलेलं पत्र तुमचं असतं, पण त्यातला मजकूर पत्र लिहिणाऱ्याचा असतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. माझ्याकडे एका खातेदार आजींनी लिहिलेलं आभाराचं पत्र होतं. ते जसंच्या तसं छापायचं होतं, म्हणून त्यांच्या मुलाकडे जाऊन लेखी परवानगी आणली. साधा कागद, दोन ओळी, सही, तारीख. एवढं पुरलं.

कवितांचं तसंच. लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क चालू राहतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या ओळी आज खुशाल द्या. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागणार. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर आवडत्या गाण्याची ओळ टाकायची हौस बऱ्याच जणांना असते. मलाही होती. सगळ्या ओळी काढल्या आणि पुस्तकाचं काही बिघडलं नाही.

जिवंत माणसांविषयी लिहिताना नाव, गाव, हुद्दा बदला. ज्याच्याविषयी वाईट लिहायचं आहे त्याची तर तिन्ही बदला, आणि प्रकरण एखाद्या वकिलाला दाखवा. पोस्टात आम्हाला लोकांची गुपितं जपायची सवय असते. मी कुठल्याही खातेदाराचं खरं नाव ठेवलं नाही.

तुमच्या स्वतःच्या हक्कासाठी मात्र काही करावं लागत नाही. लिहिलंत की हक्क तुमचा. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. मी केली नाही. पुस्तक चोरून छापण्याइतकं चाललं तर बघू, असं घरच्यांना सांगितलं.

५. रस्ते तीन, आणि एक जो मला उशिरा कळला

आधी उशिरा कळलेला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं आजवर एकही पुस्तक प्रकाशित झालेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित असे प्रकार आहेत. 'नवलेखक' शब्दाने फसू नका. तो वयाविषयी नाही, पुस्तकाविषयी आहे. अर्ज छपाईआधी करायचा असतो. मला हे कळलं तेव्हा माझे गठ्ठे घरी येऊन पडले होते. मंडळाची जाहिरात कधी निघते यावर आधीपासून लक्ष ठेवा.

आता तीन रस्ते. पहिला, प्रस्थापित प्रकाशक. हस्तलिखित पाठवा, उत्तराची वाट बघा. मी आठ महिने बघितली, मग सोडून दिलं. तुमच्याकडे वेळ असेल तर जरूर बघा.

दुसरा, पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे. यांचा फोन गोड असतो. "सर, मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी लोकांनी लिहायलाच हवं." मला आलेल्या एका 'पॅकेज'मध्ये ३०० प्रती, प्रकाशन समारंभ, शाल, पुरस्कार आणि वर्तमानपत्रात बातमी असं सगळं होतं. किंमत माझ्या प्रत्यक्ष खर्चाच्या दुपटीहून जास्त. सगळेच वाईट नसतात. ज्यांना धावपळ जमत नाही त्यांची सोय होते. पण सही करण्याआधी कराराचा कागद घरी आणा आणि हे तपासा:

- स्वामित्वहक्क कुणाच्या नावावर? 'लेखकाच्या' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, कुणाच्या नावावर? त्यांचा असेल तर नोंदीत प्रकाशक ते, तुम्ही नाही.
- मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची मूळ फाइल तुम्हाला मिळणार का? पीडीएफ नव्हे, मूळ.
- प्रती प्रत्यक्षात किती छापणार आणि तुमच्या ताब्यात किती देणार?
- विक्री झाली तर पैसे कधी, किती, कुठल्या हिशेबावर?

पाचातल्या दोन प्रश्नांना जरी "ते आपण नंतर बघू" असं उत्तर आलं, तरी उठा.

तिसरा रस्ता, स्वतः प्रकाशक होणं. डीटीपी एकाकडे, मुखपृष्ठ दुसऱ्याकडे, छपाई तिसऱ्याकडे. मी हाच धरला.

६. पैशांचा हिशेब, कवडीसकट

हे माझे आकडे आहेत, माझ्या गावातले. तुमचे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच.

अक्षरजुळणी आणि मांडणी: १४४ पानं, पानाला ४० रुपये, ५,७६० रुपये.
मुद्रितशोधन, दोन वाचनं मिळून पानाला २५ रुपये: ३,६०० रुपये.
मुखपृष्ठ: ५,००० रुपये.
छपाई, कागद, बांधणी: ३०० प्रती, प्रतीला ८५ रुपये, २५,५०० रुपये.

एकूण ३९,८६० रुपये. म्हणजे प्रत पडली १३३ रुपयांना. किंमत छापली २२०.

आता गंमत बघा. दुकानदाराने ४० टक्के मागितले, म्हणजे ८८ रुपये त्याचे. माझ्या हातात १३२. दुकानातून गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मला रुपयाचा तोटा! दुकानदार काही लुबाडत नाही. त्याला भाडं आहे, नोकर आहे, न खपलेलं पुस्तक जपायचं आहे. पण कमी प्रती छापणाऱ्याचा धंदा दुकानातून होत नाही, हे आधीच कळलेलं बरं. मी स्वतः २०० रुपयांना विकली तर ६७ सुटतात.

यावर छापखान्यातला माणूस लगेच सांगतो, "ताई, हजार काढा, प्रत निम्म्यात पडेल." खरंच पडते. दिवाण आठवा.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण छापखान्याच्या बिलात तो लागू शकतो. ठरलेला भाव करासकट की कराशिवाय, हे विचारून घ्या. सगळी बिलं एका पाकिटात ठेवा. पुस्तकाचं उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं, तेव्हा खर्चाचे कागद लागतात.

७. आयएसबीएन

पुस्तकामागे बारकोडवर तेरा आकडे असतात, ते. कायद्याने सक्तीचे नाहीत, पण दुकानं, ऑनलाइन विक्री आणि ग्रंथालयांच्या नोंदी त्यावर चालतात. आपल्याकडे तो दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. एकटा लेखकही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, अर्ज ऑनलाइन आहे आणि तो फुकट मिळतो. हे अधोरेखित करा. 'आयएसबीएन शुल्क' म्हणून दोन-तीन हजार उकळणारे भेटतात. ते तुमच्या वतीने अर्ज भरायचे पैसे घेतात, नंबराचे नाही.

मला तीन आठवडे लागले, त्यात एक आठवडा माझाच गेला, कारण ओळखपत्रावरचं नाव आणि मुखपृष्ठावरचं नाव जुळत नव्हतं. बायकांनी इथे विशेष लक्ष द्या. आधार सासरच्या नावाने आणि लेखन माहेरच्या, असं असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.

हाताशी ठेवायचे कागद:
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, सही करून स्कॅन केलेला
- मुखपृष्ठाची आणि शीर्षकपानाची प्रतिमा
- पानांची संख्या, आकार, किंमत, प्रकाशनाचा अंदाजे महिना
- स्वतःचा ईमेल आणि मोबाइल (मुलाचा नको, ओटीपी त्याच्या मीटिंगमध्ये येतो)
- पत्रं, छायाचित्रं, कविता यांच्या लेखी परवानग्या. या आयएसबीएनसाठी नाहीत, पण याच फाइलमध्ये राहू द्या.

८. छापखान्यात बोलायची भाषा

"डेमी साइज, सत्तर जीएसएम मॅपलिथो, नॅचरल शेड, कव्हर तीनशे जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन." हे वाक्य पाठ करून गेले, तेव्हापासून मला खुर्ची मिळायला लागली.

डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आपल्या नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांचा आकार. जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला वजन, मॅपलिथो आतल्या पानांचा साधा कागद, आर्ट कार्ड मुखपृष्ठाचा जाड गुळगुळीत कागद आणि मॅट लॅमिनेशन म्हणजे त्यावरचं बिनचकाकीचं पातळ आवरण. नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर कागद. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्याशुभ्रपेक्षा तो सोसतो. अक्षरही त्याच हिशेबाने घ्या. डीटीपीवाल्यांना पानं वाचवायची घाई असते. मी नमुन्याचं एक पान छापून आमच्या ह्यांना चष्म्याशिवाय धरायला लावलं आणि अक्षर एका पॉइंटने वाढवून घेतलं.

ऑफसेटवर, म्हणजे प्लेट करून होणाऱ्या छपाईत, काम फर्म्याने होतं, सोळा पानांचा एक फर्मा. माझी १४४ पानं म्हणजे बरोबर नऊ फर्मे. १४७ झाली असती, तर दहाव्या फर्म्याचे पैसे पडून मागे कोरी पानं आली असती. मनोगत थोडं छाटून हा आकडा जुळवता येतो, आणि मनोगत छाटलेलं चांगलंच असतं. शंभरच्या आत प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका. डिजिटल छपाईत प्लेट करायची नसते, त्यामुळे पन्नासही काढून मिळतात. प्रत महाग पडते, पण एकूण पैसे कमी अडकतात.

आता माझी फजिती. मुखपृष्ठ मी मोबाइलवर बघून 'ठीक आहे' कळवलं. मलपृष्ठावर २२० रुपये आणि आत श्रेयनामावलीच्या पानावर २०० रुपये, असं छापून आलं. चूक माझीच, मी दोन दिवशी दोन आकडे कळवले होते. आयुष्यभर तिकिटं चिकटवली आणि निवृत्तीनंतर तीनशे प्रतींच्या आत किमतीची लेबलं चिकटवत बसले. म्हणून सांगते: छपाईला हिरवा कंदील देण्याआधी एक डमी प्रत कागदावर काढून घ्या. घडी घालून, कापून, खऱ्या पुस्तकासारखी. आणि ती दुसऱ्या कुणाला तरी उघडायला द्या. श्रेयनामावलीत प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रकाचं नाव, आवृत्ती आणि तारीख, आयएसबीएन, किंमत, 'सर्व हक्क लेखकाधीन' हे सगळं आलंय ना, ते बोट ठेवून वाचा. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडेही एकेक करून ताडून बघा.

९. छापून आल्यावर तीस दिवसांत

१९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने, म्हणजे आता तुम्ही, प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. बहुतेक स्वप्रकाशित लेखक हे करत नाहीत. करा. आपण नसू तेव्हाही आपलं पुस्तक कोलकात्यात एका फळीवर असेल, या कल्पनेवर मी दोन दिवस खूश होते.

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांचा वेगळा विचार होतो. काव्यासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदेंच्या. त्या त्या वर्षी प्रकाशित झालेलं पुस्तकच चालतं, म्हणून डिसेंबरात गडबडीने काढून जानेवारीची तारीख छापू नका, किंवा उलट. बाकी 'प्रवेशशुल्क' आणि 'सन्मानचिन्हाचा खर्च' मागणाऱ्या पुरस्कारांना हात जोडा.

१०. खप: गठ्ठे घरी यायच्या आधीपासून

पुस्तक छापून झालं की विकायला सुरुवात करायची, ही माझी मूळ समजूत होती. सुदैवाने पोस्टातल्या एका मैत्रिणीने ती मोडली. तिने सांगितलं, "छपाईला जाण्याआधी पैसे गोळा कर. ज्यांनी पैसे दिले तेच वाचक, बाकीचे शुभेच्छुक."

आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत जुनी आणि उत्तम आहे. २२० चं पुस्तक १८० रुपयांत, टपालखर्च माझा, मुदत एक महिना. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येकाला मी वेगळा निरोप पाठवला. ग्रुपवर टाकलेल्या जाहिरातीला पन्नास अंगठे आणि चार ग्राहक येतात. नावाने केलेल्या फोनला दहातले पाच. निरोपात पुस्तकाचं कौतुक करू नका, त्यातला एक तुकडा द्या. मी मनीऑर्डर घेऊन परत आलेल्या पोस्टमनचा दीड पानाचा प्रसंग पाठवला आणि शेवटी फक्त किंमत आणि यूपीआय क्रमांक लिहिला. ९२ प्रतींचे पैसे छपाईआधी जमा झाले.

तुकडे आधीपासून बाहेर जाऊ द्या. दिवाळी अंकांना लेख पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवावे लागतात. माझा एक लेख एका छोट्या अंकात आला, आणि त्या अंकाच्या वाचकांकडून पुस्तकाची विचारणा झाली. स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांची दखल घेतात. तिथे दोन प्रती आणि सोबत शंभर शब्दांचा परिचय लिहून पाठवा. परिचय नसेल तर ते 'पोच' छापतात, तीही एका ओळीत.

प्रकाशन समारंभ. यावर भांडणं होतात. आमच्या घरीही झाली. मुलाला हॉल आणि जेवण हवं होतं. मी गावातल्या वाचनालयाचं सभागृह घेतलं, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला. वाचनालयाला त्या दिवशी कार्यक्रम हवाच असतो, त्यामुळे सभागृहाचे पैसे पडले नाहीत. चहा, बटाटेवडे, पाहुण्यांचा प्रवासखर्च मिळून ४,५०० रुपये. २३ एप्रिलचा पुस्तक दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिनही असाच उपयोगी. प्रमुख पाहुणे म्हणून मी मोठा साहित्यिक शोधला नाही, आमचा सगळ्यात जुना पोस्टमन बोलावला. तो बारा मिनिटं बोलला आणि लोक हलले नाहीत.

तीन गोष्टी विसरू नका. विक्रीचं टेबल दाराशी ठेवा, व्यासपीठाजवळ नको. किंमत सरळ २०० ठेवा म्हणजे सुट्ट्यांचा घोळ होत नाही, आणि क्यूआर कोड मोठा छापून लावा. टेबलावर आपल्या घरचं माणूस बसवू नका. त्याच्याकडून पैसे घेववत नाहीत. मी वाचनालयाच्या शिपायाला बसवलं, त्याने माझ्या सख्ख्या भावाकडूनही दोनशे घेतले. ५७ प्रती गेल्या.

फुकट प्रतींची एक मर्यादा ठरवा आणि ती यादी लिहून ठेवा. 'सप्रेम भेट' लिहिलेलं पुस्तक रद्दीवाल्याच्या हातगाडीवर सगळ्यात आधी दिसतं. भेट मागणाऱ्या आप्तांना मी म्हणायचे, "देते की. दोन घ्या, एकाचे पैसे द्या, दुसरं तुमच्या गावच्या वाचनालयाला माझ्याकडून." बऱ्याच जणांनी ऐकलं.

वाचनालयांकडे स्वतः जा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गांतली. त्यांना अनुदानातून पुस्तकं घ्यावी लागतात. खरेदी बहुधा आर्थिक वर्षाच्या शेवटी होते. बिल व्यवस्थित द्या, २५ टक्के सूट द्या. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मिळालं तर चार लेखकांनी मिळून घ्या, एकट्याने दिवसभर बसणं फार उदास काम आहे.

११. टपाल: हा माझा प्रांत

माझं पुस्तक १७० ग्रॅमचं, पाकिटासकट दोनशेच्या आसपास. १ मे २०२५ पासून पोस्टाची 'ज्ञानपोस्ट' सेवा आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जाते, म्हणून वेळ लागतो. पाकिटावर 'ज्ञानपोस्ट' लिहा आणि काउंटरवर नाव घेऊन मागा. तुम्ही मागितलं नाही तर समोरचा स्पीड पोस्टच करून मोकळा होईल, गर्दीत त्याचाही दोष नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. ३४ वर्षं ज्याचे शिक्के मारले ते गेलं, असो.

आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग पुठ्ठा, मग खाकी पाकीट. कोपरे दुमडलेलं पुस्तक पोचलं तर वाचक पोस्टाला नाही, तुम्हाला बोलतो.

१२. ई-पुस्तक

किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, पैसे लागत नाहीत. बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळांवर छापील आणि ई दोन्ही ठेवता येतात. युनिकोड फाइल असेल तर भाच्याचं दोन दिवसांचं काम. नसेल तर पायरी दोन परत वाचा. आमच्या वयाच्या वाचकांत ते फारसं गेलं नाही, पण गावाबाहेर, परदेशात असलेल्या मुलांनी आपल्या आईवडिलांसाठी म्हणून आधी तिथे बघितलं आणि मग छापील मागवलं.

तीनशे प्रतींचं काय झालं

प्रकाशनपूर्व ९२, समारंभात ५७, नंतर पोस्टाने आणि निवृत्तांच्या मेळाव्यांत ६१, वाचनालयांना ३४, दुकानांतून १९, फुकट आणि पाठवायच्या म्हणून २३. उरल्या १४. जमा ४८,२७८ रुपये. निर्मितीचे ३९,८६०, समारंभाचे ४,५००, टपाल आणि पाकिटांचे ३,१००, मिळून खर्च ४७,४६०. शिल्लक ८१८ रुपये. लेबलं आमच्या ह्यांनी आणली, ती यात धरलेली नाहीत.

एक प्रत लाल पेनाने दुरुस्त करून वेगळी ठेवली आहे, पुढच्या छपाईसाठी. त्यात आतापर्यंत सत्तावीस चुका सापडल्या. पान ५३ वरची माझ्या नणंदेने काढली, आणि घरी कुणीही आलं की ती त्यांना ते पान उघडून दाखवते.